डीबीएस आणि कंपाचं मोजमाप : 'वस्तुनिष्ठ' या शब्दावर किती विश्वास ठेवायचा?



'सेन्सर व मशीन लर्निंगच्या साहाय्याने कंपवाताचे वस्तुनिष्ठ मूल्यमापन' अशा धाटणीचं शीर्षक तुम्ही कुठेतरी पाहिलं असेल. कदाचित तुमच्याच सिनॉप्सिसच्या पहिल्या पानावर असेल. विषय चांगला आहे. फिजिक्स, इलेक्ट्रॉनिक्स, संख्याशास्त्र, कॉम्प्युटर, कुठूनही आलात तरी यात करण्यासारखं काम आहे. पण या क्षेत्रातले पेपर वाचताना 'वस्तुनिष्ठ' हा एक शब्द सतत खटकतो. यंत्राने मोजलं म्हणजे वस्तुनिष्ठ, डॉक्टरांनी बघून सांगितलं म्हणजे व्यक्तिनिष्ठ, अशी सरळ वाटणी बहुतेक प्रस्तावनांमध्ये केलेली असते. आज त्या वाटणीची झडती घेऊ.

उदाहरण मुद्दाम डीबीएस झालेल्या रुग्णांचं घेतलंय. इथे मोजलेला आकडा फक्त तक्त्यात जाऊन बसत नाही. त्या आकड्यावरून माणसाच्या मेंदूत जाणारा करंट वाढवला किंवा कमी केला जातो. आकडा चुकला तर किंमत रुग्ण मोजतो.

आधी थोडक्यात पार्श्वभूमी

डीप ब्रेन स्टिम्युलेशन म्हणजे मेंदूच्या आतल्या भागात बारीक इलेक्ट्रोड बसवून त्याला सतत विद्युत स्पंदनं देणं. स्पंदनं देणारं यंत्र छातीच्या कातडीखाली असतं, पेसमेकरसारखं. फ्रान्समधल्या ग्रेनोबल इथे बेनाबिद आणि सहकाऱ्यांनी १९८७ साली थॅलॅमसमध्ये हे करून कंप थांबवता येतो असं दाखवलं. १९९३ पासून सबथॅलॅमिक न्यूक्लियस हे लक्ष्य पुढे आलं आणि कंपाबरोबर ताठरपणा आणि हालचालींचा मंदपणाही कमी होतो असं दिसलं. नेहमीच्या सेटिंगमध्ये स्पंदनं सेकंदाला साधारण १३० वेळा दिली जातात. आपल्याकडे मुंबईच्या जसलोकसारख्या रुग्णालयांत हे उपचार दोन दशकांहून अधिक काळ चालू आहेत.

ऑपरेशन झालं की काम संपत नाही. कोणत्या संपर्कबिंदूतून, किती मिलिअँपिअर, किती रुंदीचं स्पंदन, हे सगळं नंतर जुळवावं लागतं. त्याला प्रोग्रॅमिंग म्हणतात. समजा, शिवाजी पेठेतले एक काका यासाठी मुंबईला जातात. महालक्ष्मी एक्सप्रेसने रात्रभर प्रवास, झोप अर्धवट, गोळ्यांच्या वेळा पुढेमागे झालेल्या. सकाळी डॉक्टरांसमोर जेमतेम अर्धा तास. त्या अर्ध्या तासात दिसलेल्या कंपावरून पुढच्या काही महिन्यांचं सेटिंग ठरणार. घरी काका कसे असतात, संध्याकाळी पाचला गोळी उतरते तेव्हा काय होतं, हे डॉक्टरांना दिसतच नाही. घरच्या घरी मोजमाप हवं ही गरज अगदी खरी आहे. हे आधीच स्पष्ट करतो, म्हणजे पुढची टीका वाचून हा विषयच फालतू आहे असा समज व्हायला नको.

डॉक्टरांच्या डोळ्यात कमी काय आहे?

कंपवाताची तीव्रता ठरवण्यासाठी जगभर वापरली जाणारी श्रेणी म्हणजे यूपीडीआरएस. मूळ श्रेणी १९८७ ची, सुधारित एमडीएस-यूपीडीआरएस २००८ ची. तिच्या तिसऱ्या भागात डॉक्टर रुग्णाला बोटं आपटायला, मूठ उघडझाप करायला, खुर्चीतून उठायला, चालायला सांगतात आणि प्रत्येक गोष्टीला ० ते ४ गुण देतात. असे एकूण ३३ गुण, म्हणजे जास्तीत जास्त १३२.

आता विश्रांतीच्या वेळी हाताला येणाऱ्या कंपाचे गुण बघा. १ सेंमीपर्यंत कंप असेल तर १ गुण. १ ते ३ सेंमी, २ गुण. ३ ते १० सेंमी, ३ गुण. १० सेंमीच्या वर, ४ गुण. या पायऱ्या सारख्या उंचीच्या नाहीत. १, ३, १० म्हणजे प्रत्येक पायरीला साधारण तिप्पट. ही लॉगॅरिदमिक पट्टी आहे, आणि एल्बल आणि सहकाऱ्यांनी २००६ साली प्रत्यक्ष मोजमापांवरून हेच दाखवून दिलं : कंपाचा आकार आणि डॉक्टरांनी दिलेले गुण यांचं नातं लॉगॅरिदमिक असतं.

याचा परिणाम वहीवर करून बघा. डीबीएस चालू करण्याआधी कंप ८ सेंमी, नंतर २ सेंमी. गुण ३ वरून २ वर आले, म्हणजे 'सुधारणा ३३ टक्के'. प्रत्यक्षात कंप ७५ टक्क्यांनी घटला. दुसऱ्या रुग्णाचा कंप २.९ वरून १.१ सेंमीवर आला. साठ टक्क्यांहून जास्त घट, पण गुण २ चे २ च. तिसऱ्याचा ३.२ वरून २.९ वर आला. फरक तीन मिलिमीटरचा, आणि गुण ३ चे २ झाले! आता असे ३३ गुण एकमेकांत मिळवायचे, त्यांची टक्केवारी काढायची आणि ती टक्केवारी गोषवाऱ्यात छापायची, हा प्रकार सर्रास चालतो. क्रमदर्शक गुणांची टक्केवारी काढू नये हे आपण एम.एस्सी.च्या पहिल्या सत्रात शिकतो आणि पेपर वाचताना सोयीस्करपणे विसरतो.

थोडक्यात, डॉक्टरांच्या श्रेणीत दोष आहेत. सेन्सरवाल्यांची तक्रार इथपर्यंत शंभर टक्के बरोबर आहे. गडबड पुढे सुरू होते.

सेन्सर काय मोजतो?

मनगटावरच्या घड्याळात असतो ॲक्सेलरोमीटर. तो कंप मोजत नाही, त्वरण मोजतो. कंप साधारण साइन लहरीसारखा धरला तर त्वरण म्हणजे विस्थापन गुणिले (दोन पाय गुणिले वारंवारता) याचा वर्ग. कंपवाताचा विश्रांतीतला कंप ४ ते ६ हर्ट्झचा असतो. ५ हर्ट्झ आणि मध्यापासून एका बाजूला १ सेंमी विस्थापन घ्या. उत्तर येतं ९.८७ मीटर प्रति सेकंद वर्ग, म्हणजे जवळजवळ गुरुत्वत्वरणाएवढं. आता वारंवारता १० हर्ट्झ करा. तेवढंच त्वरण यायला फक्त अडीच मिलिमीटर विस्थापन पुरतं. मग ज्या पेपरमध्ये 'कंपाची तीव्रता' म्हणून नुसतं त्वरणाचं सरासरी वर्गमूळ दिलंय, त्यात जलद पण बारीक कंप आणि संथ पण मोठा कंप एकाच आकड्यात मिसळलेत. हातातला चहा सांडणार की नाही हे ठरवायला मुख्यतः विस्थापन बघावं लागतं.

दुसरी भानगड गुरुत्वाकर्षणाची. हात टेबलावर निवांत असला तरी ॲक्सेलरोमीटर एक 'जी' दाखवतोच. तळहात उताणा होता तो पालथा केला की त्या अक्षावरचं वाचन अधिक एकवरून उणे एकवर जातं, म्हणजे दोन 'जी'चा बदल, आणि यात कंप शून्य. फिल्टर लावून हे बरंचसं काढता येतं. पण कोणता फिल्टर, किती हर्ट्झला कापलं, हे पेपरात लिहिलेलं हवं. शिवाय रोजच्या जगण्यातल्या कितीतरी तालबद्ध हालचाली कंपाच्या पट्ट्याच्या आसपास येतात. दात घासणं, आरतीच्या टाळ्या, भजनातले टाळ. प्रयोगशाळेत खुर्चीवर बसवलेल्या रुग्णावर ९५ टक्के अचूक ठरलेला अल्गोरिदम गणपतीच्या दहा दिवसांत काय सांगेल, हा प्रश्न विनोदी वाटला तरी खरा आहे.

तिसरी गोष्ट, जागा. कंपवातात अंगठा आणि तर्जनी गोळी वळल्यासारखी फिरतात. मनगटावरच्या सेन्सरला ही हालचाल फार कमी पोचते. बोटावर सेन्सर लावला तर चांगली पोचते, पण बोटावर सेन्सर बांधून भाकरी थापणार कोण?

स्नायूंचे विद्युत संकेत म्हणजे ईएमजी घेणाऱ्यांसाठी डीबीएसचा एक खास सापळा आहे. १३० हर्ट्झची स्पंदनं त्या नोंदीत घुसतात. तुम्ही सेकंदाला १२५ नमुने घेत असाल आणि आधी योग्य फिल्टर लावला नसेल, तर १३० हर्ट्झची लहर तुमच्या आलेखात ५ हर्ट्झ म्हणून उगवेल. बरोबर कंपाच्या पट्ट्यात! म्हणजे यंत्र चालू केल्यावर कंप 'वाढला' असा निष्कर्ष निघू शकतो. नायक्विस्टचा नियम परीक्षेपुरता पाठ करणाऱ्यांनी इथे थांबून विचार करावा.

मशीनला शिकवलं कोणी?

आता माझा मुख्य आक्षेप. बहुतेक अभ्यासांची रचना अशी असते : रुग्णांना सेन्सर लावायचे, त्याच वेळी तज्ज्ञांकडून यूपीडीआरएसचे गुण घ्यायचे, सेन्सरच्या माहितीवरून ते गुण ओळखायला अल्गोरिदमला शिकवायचं, आणि दोन्ही किती जुळतात ते सांगायचं. जुळणी चांगली आली की निष्कर्ष : आमची पद्धत वस्तुनिष्ठ आहे.

कोल्हापूरच्या भाषेत सांगतो. शाहू स्टेडियमवर शिवाजी तरुण मंडळ विरुद्ध पाटाकडील तालीम अशी मॅच आहे. फाउल कुठला आणि कुठला नाही हे ओळखायला तुम्ही एका कॅमेऱ्याला शिकवताय, आणि शिकवताना प्रत्येक प्रसंगाचा निकाल विचारताय आमच्या शिवाजी पेठेच्या गॅलरीला. कॅमेरा मन लावून शिकेल. कधी दमणार नाही, कधी चिडणार नाही, शंभर वेळा तोच प्रसंग दाखवला तर शंभर वेळा तोच निकाल देईल. पण तो निकाल पेठेचाच असेल. पाटाकडीलवाल्यांना जाऊन विचारा तो कॅमेरा वस्तुनिष्ठ आहे का!

संशोधन पद्धतीच्या पेपरला आपण विश्वसनीयता आणि वैधता वेगळ्या शिकतो, ते याचसाठी. तेच तेच उत्तर पुन्हा पुन्हा देणं ही विश्वसनीयता. जे मोजायचं म्हणतोय तेच मोजणं ही वैधता. सेन्सर पहिलीत डॉक्टरांवर मात करतो यात शंका नाही. दुसरीत मात्र, डॉक्टरांचेच गुण कसोटी म्हणून वापरले, तर तो त्यांच्या पुढे गेला हे त्या अभ्यासातून सिद्धच होऊ शकत नाही. फार तर त्यांच्याइतका जवळ आला एवढंच कळतं. आधी डॉक्टरांच्या डोळ्यावर अविश्वास दाखवायचा आणि शेवटी त्याच डोळ्याकडून प्रमाणपत्र घ्यायचं, हा उलटा न्याय झाला.

यातच दोन तांत्रिक गोष्टी तपासा. एक, जुळणी दाखवायला फक्त सहसंबंध गुणांक दिलाय का? एक पद्धत सतत दुप्पट आकडा देत असली तरी सहसंबंध १ येऊ शकतो. ब्लँड आणि ऑल्टमन यांनी १९८६ साली 'लॅन्सेट'मध्ये हेच समजावून सांगितलं होतं, तरी अजून चालूच आहे. दोन, एकाच रुग्णाच्या नोंदींचे तुकडे शिकवणीच्या आणि चाचणीच्या अशा दोन्ही संचांत गेलेत का? तसं असेल तर अल्गोरिदम आजार न ओळखता माणूस ओळखायला शिकतो आणि अचूकता फुगते. विभागणी रुग्णवार हवी, नोंदवार नको. डीबीएसच्या अभ्यासांत रुग्ण अनेकदा दहा-वीसच असतात, त्यामुळे इथे हा दोष जास्त महागात पडतो.

'आधी' आणि 'नंतर' म्हणजे कधी?

डीबीएसमध्ये रुग्णाच्या चार अवस्था असतात : गोळी चालू-बंद आणि यंत्र चालू-बंद. गोळी बंद म्हणजे साधारण बारा तास, रात्रभर औषध न घेता. यंत्र बंद म्हणजे किती वेळ? टेम्पर्ली आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये हे तपासलं. यंत्र बंद केल्यावर कंप काही मिनिटांत परत येतो, मंदपणा आणि ताठरपणा अर्ध्या ते एका तासात, आणि चालणं-तोल यांच्या तक्रारी पूर्ण परतायला तीन-चार तास लागतात. म्हणजे ज्या अभ्यासात यंत्र बंद करून पंधरा मिनिटांत मोजमाप झालंय, त्यात कंपाचा आकडा कदाचित ठीक असेल, पण चालण्याचा आकडा धड बंदचा नाही आणि धड चालूचाही नाही. सेन्सर कितीही महागडा असो, चुकीच्या वेळी लावला तर अचूकपणे चुकीचंच मोजेल.

आणखी दोन गुंते आहेत. इलेक्ट्रोड नुसता आत घातला, करंट दिलाच नाही, तरी काही दिवस-आठवडे लक्षणं कमी होतात. ऑपरेशननंतर लगेच घेतलेल्या मोजमापात हा परिणाम मिसळलेला असतो. आणि अपेक्षेचा परिणामही आहेच. कंपवाताच्या रुग्णांना औषध म्हणून नुसतंच निष्क्रिय द्रव्य दिलं तरी मेंदूत डोपामाइन स्रवतं हे २००१ साली 'सायन्स'मध्ये आलं होतं. अपेक्षेने खरोखरच हात कमी थरथरत असेल, तर सेन्सरही कमीच दाखवणार. यंत्राने मोजलं म्हणून प्लासिबो गळून पडत नाही. त्यासाठी सेटिंग कोणतं चालू आहे हे रुग्णाला कळू न देणं हाच उपाय, आणि तो अभ्यासाच्या आराखड्यात असावा लागतो.

जे मोजलंच नाही

ग्रेनोबलच्याच गटाने २००३ मध्ये ४९ रुग्णांचा पाच वर्षांचा पाठपुरावा प्रसिद्ध केला. औषधाशिवायच्या अवस्थेत हालचालींचे गुण पाच वर्षांनीही ५४ टक्क्यांनी चांगले होते. लै भारी आकडा. पण त्याच पेपरमध्ये, औषध चालू असतानाचं बोलणं, तोल आणि पावलं गोठणं या काळात बिघडलं, हेही आहे. जर्मनी-ऑस्ट्रियातल्या १५६ रुग्णांच्या २००६ च्या चाचणीत सहा महिन्यांनी हालचालींचे गुण सुमारे ४१ टक्क्यांनी सुधारले, तर जीवनमानाची प्रश्नावली सुमारे २५ टक्क्यांनी. दोन्ही आकडे खरे असून ते वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत.

आता कल्पना करा, मनगटावरच्या सेन्सरचा आकडा हेच प्रोग्रॅमिंगचं लक्ष्य ठरलं. करंट वाढवला, कंप कमी झाला, आलेख खाली आला. पण करंट वाढवल्याने शेजारचे तंतूही उद्दीपित होतात आणि काहींचं बोलणं अडखळतं. मनगटाला ते ऐकू येत नाही. आलेख म्हणतो सुधारणा, आणि घरात काकू म्हणतात, 'ह्यांचं बोलणं आता फोनवर कुणाला कळंनाच झालंय.' कोणाचं मोजमाप वस्तुनिष्ठ?

पावलं गोठण्याचंही तसंच. प्रयोगशाळेतल्या मोकळ्या, सपाट मार्गिकेवर रुग्ण छान चालतो. तो अडतो दाराशी, वळताना, चिंचोळ्या जागेत, घाईत. पेठेतल्या जुन्या घराचा उंबरठा, समोरून मोटरसायकल आलेला बोळ, महाद्वार रोडची गर्दी. प्रश्नावल्यांनाही हा चष्मा लावा. जीवनमानाच्या पीडीक्यू-३९ मध्ये ताटातलं अन्न कापायला त्रास होतो का आणि बुटाच्या नाड्या बांधता येतात का, असे प्रश्न आहेत. भाकरी मोडून रश्श्यात बुडवून खाणाऱ्या, पायात चप्पल घालणाऱ्या माणसाला ते जसेच्या तसे विचारून मिळालेला गुण काय सांगतो? भाषांतर झालं तरी प्रश्न परकाच राहतो.

मग सोडून द्यायचं का?

अजिबात नाही. मुंबईतलंच उदाहरण घ्या. नोशीर वाडिया आणि स्वामी यांनी १९७१ साली 'ब्रेन' या नियतकालिकात नऊ कुटुंबांतला एक आनुवंशिक आजार वर्णन केला. तोल जाणारे रुग्ण बरेच आजार देतात. यांचं वेगळेपण काय, तर डोळे एका बिंदूवरून दुसऱ्याकडे झटकन न जाता संथपणे सरकत होते. हे आधी निरखणाऱ्या नजरेला दिसलं. डोळ्यांच्या या उडीचा वेग आता यंत्राने अंश प्रति सेकंदात मोजता येतो, आणि एससीए-२ या आजाराची ती ठळक खूण मानली जाते. क्रम लक्षात घ्या : आधी काय बघायचं हे ठरलं, मग ते मोजलं. आज पुष्कळ ठिकाणी क्रम उलटा झालाय. सेन्सर हाताशी आहे म्हणून मोजतो, आणि मोजलंय म्हणून महत्त्वाचं ठरवतो.

चांगली दिशाही दिसते आहे. अमेरिकेत २५५ रुग्णांवर झालेल्या २००९ च्या चाचणीत मुख्य निकष होता रुग्णांनी स्वतः भरलेली डायरी : त्रासदायक अनैच्छिक हालचालींशिवाय दिवसातले किती तास बरे गेले? डीबीएस गटाला रोज सरासरी ४.६ तास जास्त मिळाले. डायरी म्हणजे व्यक्तिनिष्ठ, हो. पण 'तास' ही गोष्ट रुग्णाला, डॉक्टरला आणि तुम्हालाही सारखीच कळते. माझ्या मते घरी वापरायच्या सेन्सरची खरी कसोटी अशा डायरीशी लावावी. आणि जिथे दोघांचं जुळत नाही, ते तास 'नॉइज' म्हणून फेकून न देता तिथेच संशोधन सुरू करावं.

दुसरी दिशा मेंदूच्या आतून मोजण्याची. २०२० पासून अशी यंत्रं आली आहेत की ज्यांचा इलेक्ट्रोड उद्दीपनही करतो आणि आसपासचे संकेतही नोंदवतो. त्यातल्या १३ ते ३० हर्ट्झच्या बीटा पट्ट्यावरून करंट आपोआप कमी-जास्त करणाऱ्या पद्धतीला अमेरिकेत २०२५ मध्ये मान्यता मिळाली. भारी आहे, पण बीटाचा संबंध मंदपणा आणि ताठरपणाशी जास्त आणि कंपाशी कमी लागतो. म्हणजे 'हा आकडा कशाचा?' हा प्रश्न कवटीच्या आत गेला तरी सुटत नाही.

पेपर हातात घेतल्यावर विचारायचे प्रश्न

१. सेन्सरने नेमकी कोणती भौतिक राशी मोजली आणि निष्कर्ष कोणत्या राशीबद्दल काढला?
२. कसोटी कोणती होती? डॉक्टरांचे गुण असतील तर ते एकाने दिले की अनेकांनी, आणि सेटिंग त्यांना माहीत होतं का?
३. गोळी आणि यंत्र बंद केल्यापासून किती वेळाने मोजलं?
४. ऑपरेशननंतर गोळ्यांचा डोस बदलला का? बदलला असेल तर सुधारणा कशाची?
५. माहितीची विभागणी रुग्णवार आहे का?
६. दिसलेला बदल रुग्णाला जाणवण्याएवढा आहे का? एमडीएस-यूपीडीआरएसच्या तिसऱ्या भागात साधारण सव्वातीन गुणांच्या सुधारणेपासून रुग्णाला फरक जाणवतो असं २०१५ च्या एका अभ्यासात आलंय. त्याहून लहान फरक संख्याशास्त्रीयदृष्ट्या लक्षणीय असला तरी घरात कोणाच्या लक्षात येणार नाही.
७. काय मोजलं नाही, आणि ते बिघडलं असतं तर या अभ्यासाला कळलं असतं का?

सातवा प्रश्न सगळ्यात आधी स्वतःच्या सिनॉप्सिसला विचारा.

आणि हो, एक गृहपाठ. मोबाइलवर फायफॉक्स नावाचं मोफत ॲप घ्या. फोन टेबलावर ठेवून त्वरण बघा, ९.८ च्या आसपास दिसेल. मग फोन हातात धरून सेकंदाला साधारण पाच वेळा, एक सेंमी इकडे, एक सेंमी तिकडे असा हलवा. त्यानंतर काही न हलवता नुसतं मनगट सावकाश फिरवा. तिन्ही आलेख शेजारी ठेवा, वर कुठलं नाव न लिहिता मित्राला दाखवा आणि विचारा, यातला आजारी कोण?